शंटिंगच्या इंजिनाचा धूर कामगाराच्या कॉलरपाशी मोजताना

बडोदे स्टेशनावरून जाणाऱ्या गाड्या विजेवर धावतात, त्यामुळे रेल्वेतलं डिझेल संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अजून आहे. यार्डात डबे इकडून तिकडे करणारी इंजिनं, रुळाखालची खडी ठोकणारी टॅम्पिंग मशीन, ओव्हरहेड तारांच्या दुरुस्तीची टॉवर वॅगन, कारखान्यांच्या खासगी साइडिंगा (मुख्य मार्गापासून फुटणारे त्यांचे स्वतःचे रूळ), सगळीकडे डिझेलच चालतं. तिथे काम करणारा माणूस दिवसाचे आठ तास त्या धुराच्या किती जवळ असतो, हे मोजण्याचं काम आम्हा तिघांकडे आलं. बडोद्याजवळची एक खासगी साइडिंग, तिथे कोळशाचे रेक, म्हणजे अख्ख्या मालगाड्या, उतरतात, दोन जुनी डिझेल इंजिनं, दुरुस्तीची एक शेड आणि वीसेक माणसं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झालेलं काम मे २०२५ मध्ये संपलं. हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांना कुठे अडायला होतं ते कळावं, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहोत.

आधी, मोजायचं नेमकं काय? डिझेलच्या धुरात शेकडो पदार्थ असतात. बहुतेक कारखान्यांच्या सेफ्टी ऑफिसात चार वायूंचा मीटर असतो, इथेही होता. तो शेडमध्ये धरला की कार्बन मोनॉक्साइड शून्य किंवा दोन-तीन पीपीएम दाखवतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण डिझेल इंजिनात इंधनाच्या मानाने हवा भरपूर असते, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड मुळातच कमी निघतो. त्या शून्यावरून काजळीबद्दल काहीच कळत नाही. स्वस्तातला पीएम २.५ चा मीटरही इथे कामाचा नाही. जानेवारीतल्या शहराचं धुकं, रस्त्याची धूळ, कोळशाची भुकटी, सगळं तो एकाच आकड्यात टाकतो. म्हणून जगभर डिझेलच्या काजळीची खूण म्हणून एलिमेंटल कार्बन, म्हणजे काजळीतला शुद्ध कार्बन, मोजतात. या लेखात त्याला ईसी म्हणू. विडी-सिगारेटच्या धुरात ईसी फार कमी असतो, हाही त्याचा मोठा फायदा.

याचं महत्त्व कळायला थोडा मागचा संदर्भ हवा. अमेरिकेतल्या रेल्वेने १९४५ ते १९५९ या थोड्याच वर्षांत वाफेची इंजिनं काढून डिझेलची आणली. कोण कामगार कोणत्या वर्षी कोणत्या कामावर होता, याच्या नोंदी तिथल्या रेल्वे निवृत्तिवेतन मंडळाकडे होत्या. त्यामुळे डिझेल आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध तपासायला रेल्वे कामगार हाच गट हाती आला. २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात ५४,९७३ कामगारांचा १९५९ ते १९९६ असा मागोवा होता. गाडी चालवण्याशी संबंधित कामं करणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त निघालं. जून २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा म्हणून नोंदवला. त्याआधी तो 'संभाव्य' गटात होता. १९८० च्या दशकात त्याच कामगारांच्या धुराशी येणाऱ्या संपर्काची मोजणी झाली, तेव्हा मात्र ईसी मोजत नसत. श्वासातली बारीक धूळ गोळा करायची आणि तिच्यातून सिगारेटच्या धुराचा वाटा वजा करायचा, असा तो खटाटोप होता. त्या मोजणीने कामाप्रमाणे गट पाडले, कारकून सर्वांत खाली आणि लोको शॉपमधले कामगार सर्वांत वर. आम्ही आमचे गट त्याच धर्तीवर पाडले: शंटर (यार्डातलं इंजिन चालवणारे), पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे आणि डबे जोडणारे), शेडमधले फिटर आणि तुलनेसाठी ऑफिसातले कारकून.

दिवाळी नुकतीच झाली होती. गुजरातेत लाभपांचम उलटल्याशिवाय कागद हलत नाही, म्हणून पहिलं पत्र ७ नोव्हेंबरला दिलं. कंपनीची मंजुरी चार दिवसांत आली. खरी अडचण फाटकापलीकडची होती. साइडिंग कंपनीची असली तरी डबे जिथे ताब्यात घेतात ते यार्ड दुसऱ्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतं, आणि पॉइंट्समन दिवसातून तीन-चारदा तिकडे जातात. ११ नोव्हेंबरला तिथला अर्ज दिला. तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: कामगाराच्या कमरेचा, फिल्टरमधून हवा ओढणारा पंप पेट्रोलच्या टाकी-वॅगनजवळ सुरक्षित आहे का? प्रश्न योग्य होता. आम्हीच ते आधी लिहायला हवं होतं. पंपाची ठिणगी-सुरक्षिततेची प्रमाणपत्रं पाठवली, आणि परवानगी हातात पडली २९ जानेवारीला, मोजणी संपल्यावर नऊ दिवसांनी. मधल्या काळात आम्ही पॉइंट्समनचे नमुने फक्त त्या पाळ्यांत घेतले ज्यांत काम फाटकाच्या आत होतं, आणि अहवालात तसं स्पष्ट नमूद केलं. तुम्ही अर्ज कराल तेव्हा पहिल्याच पानावर पंपाचा फोटो, वजन, बॅटरीचा प्रकार आणि सुरक्षितता प्रमाणपत्राची प्रत जोडा. महिना वाचेल.

कॅसेटची, म्हणजे कॉलरपाशी लावायच्या फिल्टरच्या डबीची, निवड ही या कामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडे कोळसा होता. कोळशाची भुकटी भट्टीत तापवली की तीही ईसी म्हणूनच मोजली जाते. साधी कॅसेट लावली असती तर पॉइंट्समनच्या अंगावरचा सगळा कोळसा 'डिझेल' म्हणून अहवालात आला असता. सुटका एकच: डिझेलची काजळी जवळजवळ सगळी एक मायक्रॉनहून बारीक असते आणि कोळशाची धूळ बहुतेक त्याहून जाड. त्यामुळे नमुना दोन चाळण्यांतून न्यायचा. आधी १० मिलिमीटरचा नायलॉनचा सायक्लोन, तो जाड धूळ खाली पाडतो. मग कॅसेटच्या आतला इम्पॅक्टर, तो ०.८ मायक्रॉनच्या आसपासचा आणि त्याहून मोठा कण अडवतो. उरलेलं क्वार्ट्‌झच्या फिल्टरवर बसतं. सायक्लोनशिवाय नुसता इम्पॅक्टर कोळशाच्या जागी वापरू नका. त्याच्या तबकडीवर धूळ साचली की नंतरचे कण उसळी मारून पुढे फिल्टरवर जातात.

या जोडीला प्रवाह मिनिटाला १.७ लिटरच लागतो. कमी-जास्त झाला तर चाळणीचं भोक बदलल्यासारखं होतं. आठ तासांत १.७ गुणिले ४८०, म्हणजे ८१६ लिटर हवा ओढली जाते. युरोपीय संघाने २१ फेब्रुवारी २०२३ पासून कामाच्या जागी ईसीची आठ तासांची मर्यादा घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्या पातळीवर आमच्या फिल्टरवर साधारण ४१ मायक्रोग्रॅम बसायला हवेत. फिल्टरचं काजळी धरणारं क्षेत्र सुमारे ८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पाच मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळा ०.३ पर्यंत पाहू शकते, तेव्हा घनमीटरला तीन मायक्रोग्रॅमच्या खालचं आम्हाला दिसणार नव्हतं. हा हिशेब मोजणीआधी कागदावर मांडा. चार तासांचाच नमुना घेतला तर दिसण्याची मर्यादा दुप्पट होते आणि कारकुनांचे सगळे निकाल 'आढळला नाही' असे येतात.

आपल्या कायद्याचं काय, असं प्रत्येक बैठकीत विचारलं गेलं. तेव्हा लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड यांच्या मर्यादा होत्या, डिझेलच्या काजळीची नव्हती. म्हणून ईसीसाठी युरोपची मर्यादा धरली आणि अहवालात पहिल्याच पानावर ते सांगितलं. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी बारा पॅसिव्ह नळ्या घेतल्या. त्या स्वस्त असतात, पंप लागत नाही. त्यांच्याबद्दल इथे आणखी लिहिण्यासारखं काही नाही, सगळ्या मर्यादेच्या बऱ्याच खाली आल्या.

कॅसेट परदेशातून येतात. २० नोव्हेंबरला ४० मागवल्या, हातात पडल्या २८ डिसेंबरला. खर्च असा झाला: कॅसेट प्रत्येकी ४,६०० प्रमाणे १,८४,००० रुपये. प्रयोगशाळेची तपासणी ३४ नमुने, प्रत्येकी ३,५०० प्रमाणे १,१९,०००. सहा पंप भाड्याने, पंपामागे दिवसाला ९००, सात दिवसांचे ३७,८००. मिनिटामिनिटाला हवेतला काळा कार्बन, म्हणजे काजळी, दाखवणारं छोटं यंत्र दोन दिवस, १२,०००. नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या ७,८००. एकूण ३,६०,६००. कस्टम्स, कुरिअर आणि आमचा वेळ यात धरलेला नाही.

चौतीस नमुने कसे? चार गट, प्रत्येकी सहा, म्हणजे चोवीस. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, साइडिंगच्या हद्दीवर चार, शहराची स्वतःची काजळी किती ते कळायला. तीन फील्ड ब्लँक, म्हणजे साइटवर नेऊन उघडून लगेच बंद केलेल्या कॅसेट. आणि तीन न उघडलेल्या, त्याच खोक्यातल्या. ब्लँकवर पैसे वाचवायचा मोह होतो. करू नका. ब्लँक नसेल तर आकड्यातलं तुमचं किती आणि खोक्यातलं किती, ते कधीच सांगता येत नाही.

मोजणीआधी ३ जानेवारीला सगळ्या पाळ्यांना गेटजवळ बोलावून पंप उघडून दाखवला. एका फिटरकाकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आमां अवाज रेकॉर्ड थाय छे के?" त्यांच्या शंकेला कारण होतं. कमरेला काळी डबी, खांद्यावरून नळी, कॉलरला काहीतरी चिकटवलेलं, दिवसभर कोणीतरी वही घेऊन मागे उभं. कोणालाही वाटेल की हे नजर ठेवायला आले आहेत. पंपाची बॅटरी, मोटर, आतला पडदा उघडून दाखवला तेव्हा कुजबुज थांबली. संमतिपत्र गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषांत केलं आणि त्यात दोन वाक्यं ठळक ठेवली: तुमचा आकडा आधी तुम्हाला मिळेल, आणि अहवालात नाव येणार नाही. मग तक्रार नव्हती. काही जण तर आपला नंबर कधी लागतो ते विचारू लागले.

६ जानेवारी, सोमवार, सकाळी सव्वासहा. पंप दहा मिनिटं चालवून गरम केले, मग कॅसेट आणि सायक्लोन जोडूनच प्रवाह तपासला. नुसत्या पंपाचा प्रवाह तपासून नंतर कॅसेट जोडली तर तिच्या अडथळ्याने आकडा खाली येतो. तीन वाचनं घेऊन सरासरी लिहायची, आणि पाळी संपल्यावर त्याच जोडणीवर पुन्हा तीन. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा पाच टक्क्यांहून जास्त वेगळा असेल तर नमुना बाद. हे सगळं साइटवरच करा, हॉटेलच्या खोलीत नको. जानेवारीच्या सकाळी हवा गार असते आणि दुपारी तापते.

कॅसेट नाका-तोंडापासून ३० सेंटिमीटरच्या आत, कॉलरच्या हाडाजवळ, रिफ्लेक्टर जाकिटाच्या बाहेर. नळी पाठीमागून जाकिटाच्या आतून. रेल्वेच्या कामात एक गोष्ट इतर कारखान्यांपेक्षा वेगळी आहे: पॉइंट्समन दोन डब्यांच्या मध्ये वाकून कपलिंग जोडतो. लोंबणारी नळी तिथे जीवघेणी ठरू शकते. म्हणून नळीच्या मध्ये मुद्दाम एक सैल जोड ठेवला, ओढ बसली की सुटेल असा. तो दुसऱ्याच दिवशी एका पॉइंट्समनच्या बाबतीत सुटला आणि नमुना वाया गेला. त्याचं आम्हाला काही वाटलं नाही, जोड त्यासाठीच होता. वॉकीटॉकी एका बाजूला असेल तर पंप दुसऱ्या बाजूला बांधा.

आणखी तीन नमुने बाद झाले, त्यांची कारणं शिकण्यासारखी आहेत. एका पंपाचा प्रवाह १.७० वरून १.५८ वर आला, सात टक्के घट, जुनी बॅटरी. एक शंटर घरून फोन आला म्हणून तीन तासांत निघून गेले. चौथ्या नमुन्याचं कारण सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त वेळा घडणारं. सायक्लोनच्या तळाशी एक छोटी टोपी असते, जाड धूळ तिच्यात साचते. सायक्लोन उलटा झाला की ती धूळ परत वर फिल्टरकडे जाते. एक फिटर बोगीखाली ब्रेकचं काम करायला उताणे झोपले आणि वीस मिनिटं तसेच होते. त्यांची चूक काहीच नव्हती, त्यांचं कामच ते. त्यानंतर आम्ही असं ठरवलं: खाली जायचं असेल तर पंप थांबवायचा, कॅसेट उभी धरून बाजूला टांगायची, वेळ लिहायची, वर आल्यावर परत लावायची. बोगीखाली गेलेली मिनिटं नमुन्यात नाहीत, असं त्या नोंदीसमोर लिहायचं.

वहीवाल्या माणसाला कमी लेखू नका. आमच्यापैकी एक जण दिवसभर दर पंधरा मिनिटांनी लिहीत होता: कोण कुठे, इंजिन चालू की बंद, कोणत्या नॉचवर (ताकद वाढवण्याच्या पायरीवर), शेडचं दार उघडं की लावलेलं, वारा कुठून. त्यातच लिहिलं गेलं की सकाळी साडेसातपर्यंत पॉइंट्समन जुन्या लाकडी स्लीपरच्या तुकड्यांची शेकोटी करून बसतात, आणि एका इंजिनाच्या केबिनमध्ये पाळी सुरू होताना अगरबत्ती लागते. दोन्हींतून काजळी येते. लाकडाच्या धुरात ईसीपेक्षा ऑर्गॅनिक कार्बन (तापवल्यावर आधी उडून जाणारा, संयुगांतला कार्बन) बराच जास्त असतो, डिझेलमध्ये ईसीचा वाटा मोठा. म्हणून दोन्हींचं गुणोत्तर पाहिलं की शेकोटीचा दिवस ओळखू येतो. पण वहीत शेकोटी नसती तर ते गुणोत्तर पाहायचं कोणाला सुचलं असतं?

६ ते ९ जानेवारी सलग चार दिवस झाले. १४ ला उत्तरायण आणि १५ ला वासी उत्तरायण, या दोन दिवशी बडोद्यात माणसं गच्चीवर असतात. रात्री फटाकेही उडतात, तेव्हा मोजणीचा प्रश्नच नव्हता. १६ आणि १७ ला उरलेले दोन दिवस, आणि २० जानेवारीला बाद झालेले चार नमुने पुन्हा.

आमची चूक दुसरीकडे झाली. ९ तारखेचे नमुने १० ला कुरिअरने पाठवले, बर्फाच्या थैल्यांसह. खोकं सणाच्या सुट्टीत अडकलं, प्रयोगशाळेत पोचलं १८ ला, थैल्या वितळलेल्या. आम्ही घाबरून प्रयोगशाळेला फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं ते खरं होतं: गरम झाल्याने ऑर्गॅनिक कार्बन उडून जातो किंवा बाहेरून चिकटतो, पण ईसी कुठे जात नाही, तो काजळीचा कणच आहे. ईसीचे आकडे ठेवले आणि त्या खोक्यातल्या नमुन्यांचं गुणोत्तर मात्र अहवालातून काढून टाकलं. तुमच्या वेळापत्रकात सण असेल तर नमुने सणानंतरच पाठवा, तोवर फ्रिजमध्ये ठेवा.

प्रयोगशाळेत फिल्टरचा दीड चौरस सेंटिमीटरचा तुकडा कापून भट्टीत घालतात. आधी हीलियममध्ये तापवतात, ऑर्गॅनिक भाग निघून जातो. मग थोडा ऑक्सिजन सोडतात, ईसी जळतो. तापवताना ऑर्गॅनिक भागाचा काही कोळसा होतो. तो ईसीत धरला जाऊ नये म्हणून फिल्टरमधून लेझर सोडून काळेपणा मोजत राहतात. निकाल १४ फेब्रुवारीला आले आणि त्यात एक गफलत होती. प्रयोगशाळेने तुकड्यावरून संपूर्ण फिल्टरचा आकडा काढताना साध्या ३७ मिलिमीटर कॅसेटचं ८.५ चौरस सेंटिमीटर क्षेत्र धरलं होतं. आमच्या कॅसेटमध्ये काजळी ८ वरच बसते. सगळे आकडे सहा टक्क्यांनी जास्त. पत्र लिहिलं, आठवड्यात दुरुस्त अहवाल आला. नमुन्यांसोबतच्या फॉर्मवर कॅसेटचा प्रकार आणि क्षेत्र ठळक लिहा, आणि निकाल आल्यावर एका नमुन्याचं गणित हाताने करून पाहा.

कारकून आणि हद्दीवरचे नमुने जवळपास सारखे, दिसण्याच्या मर्यादेलगत. म्हणजे ऑफिसात शहराचीच काजळी होती. पॉइंट्समन त्यांच्या वर, पण मर्यादेच्या खूप खाली. शंटरांचे सहाही आकडे ५० च्या आत होते आणि व्यवस्थापनाला वाटलं विषय संपला. इथे थांबू नका. असे आकडे एका बाजूला लांब शेपटी काढतात, म्हणून भौमितिक सरासरी घ्यायची आणि पसारा पाहायचा. त्यांची सरासरी १४ होती पण पसारा (भौमितिक प्रमाण विचलन) १.९५. युरोपीय मानक ईएन ६८९ च्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे मर्यादेच्या लॉगमधून सरासरीचा लॉग वजा करून पसाऱ्याच्या लॉगने भागायचं. सहा नमुन्यांना किमान २.१८७ लागतो, आमचा आला १.९. सहा दिवस आत असले तरी वर्षातले पुरेसे दिवस आत राहतील असं म्हणता येत नव्हतं.

पसारा कशामुळे, ते वहीत सापडलं. या इंजिनाची केबिन एका टोकाला आहे आणि धुराडं लांब हूडवर, म्हणजे इंजिन झाकणाऱ्या लांब खोक्यावर. लांब हूड पुढे ठेवून चाललं की धूर सरळ केबिनच्या काचांवर येतो. उलट दिशेने चाललं की मागे जातो. जास्त आकड्याचे तिन्ही दिवस लांब हूड पुढे असलेले होते. त्यात शंटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी थांब-चाल. नॉच वाढवला की इंधन लगेच जातं, हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात, तेवढ्यात काळ्या धुराचा लोट निघतो. एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीच्या इंजिनापेक्षा शंटरचं इंजिन म्हणून जास्त काळं फेकतं. अजून एक गैरसमज तिथे ऐकला: नव्या प्रदूषण-मानकाचं बीएस-सहा डिझेल आलं, मग धूर कसला? १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आलं, त्याने सल्फेट कमी झालं. जुन्या इंजिनाची काजळी ज्वलनातून येते, तिला त्याने फारसा फरक पडत नाही.

फिटरांचे सहापैकी दोन आकडे ५० च्या वर होते. एक जरी वर गेला तरी पुढचं गणित करायची गरज उरत नाही. मिनिटामिनिटाचं यंत्र आम्ही मुख्यतः त्यांच्यासाठीच घेतलं होतं. इंजिनाच्या हादऱ्याने ते यंत्र खोटी टोकं दाखवतं, म्हणून केबिनमध्ये न लावता शेडमध्ये फिटरच्या जाकिटाला लावलं. दुरुस्तीनंतर इंजिन सुरू करून नॉच वाढवून बघतात, तेवढी वीस मिनिटं सोडली तर दिवस साधा जातो. ढोबळ हिशेब धरा: वीस मिनिटं ८०० आणि उरलेली ४६० मिनिटं १५. सरासरी जवळपास ४८ येते. दिवसाचा दोन तृतीयांशाहून जास्त भार वीस मिनिटांत. मोजणीच्या आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं की 'उद्या चाचणी करू नका', तर आमचा अहवाल स्वच्छ निघाला असता. म्हणून मोजणीच्या दिवसांचं दुरुस्तीचं वेळापत्रक आधीच लिहून घ्या आणि त्या महिन्याच्या रजिस्टरशी ताडून पाहा.

आकड्यांपेक्षा फिल्टर जास्त बोलले. १८ मार्चच्या बैठकीत प्रत्येक गटातल्या एका फिल्टरच्या उरलेल्या भागाचा फोटो शेजारी-शेजारी ठेवला. कारकुनाचा जवळजवळ पांढरा, पॉइंट्समनचा राखेसारखा, शंटरचा पाटीसारखा, आणि फिटरचा तव्याच्या पाठीसारखा काळा, मधे कापलेल्या तुकड्याची चौकोनी खिडकी. व्यवस्थापकांनी चष्मा काढून तो फोटो जवळ धरला आणि शेडच्या दाराची मापं मागितली.

ठरलं ते सगळं साधं होतं. चाचणीसाठी इंजिन शेडबाहेर काढायचं, धुराडं उघड्या आभाळाखाली. बाहेर काढता येत नसेल तर धुराडं नेमकं छतावरच्या पंख्याखाली येईल अशी रुळावर पिवळी खूण. उभं इंजिन बंद करायला माणसं का घाबरतात ते विचारलं: बॅटरी बसेल आणि ब्रेकची हवा उतरेल. म्हणून शेडमध्ये बॅटरी चार्जर आणि बाहेरून हवा देणारा कॉम्प्रेसर लावला, मग इंजिन नुसतं घुरघुरत ठेवायचं कारण उरलं नाही. केबिनच्या दारांची फाटलेली रबरं बदलली आणि जिथे जमेल तिथे लांब हूड मागे राहील अशी इंजिनाची तोंडं ठेवली. मास्कची मागणी लगेच आली होती. आम्ही ते शेवटी ठेवलं, आणि तेही फक्त चाचणीच्या वीस मिनिटांसाठी, कारण मास्क दिला की बाकीची यादी कपाटात जाते.

प्रत्येक सहभागी कामगाराचा कागद वेगळा केला. अठरा माणसं, अठरा बंद पाकिटं, गुजरातीत: तुमचा आकडा, तुमच्या गटाची सरासरी, मर्यादा, आणि काय बदलणार. वाटायला पूर्ण दोन पाळ्या गेल्या कारण प्रत्येकाला तो समजून घ्यायचा होता. शेडच्या पंख्याचं काम १२ एप्रिलला झालं. कॅसेट दोन उरल्या होत्या, चार पुन्हा मागवल्या, आणि १९ ते २१ मे फिटरांचे सहा नमुने परत घेतले. या वेळी त्या आठवड्याच्या दुरुस्ती रजिस्टरमध्ये तीन चाचण्या होत्या, तिन्ही बाहेर. सहाही आकडे मर्यादेच्या निम्म्याच्या आत आले आणि २.१८७ ची परीक्षा पार झाली. शंटरांची मोजणी पुढच्या हिवाळ्यात, लांब हूड पुढे आणि मागे असे दोन्ही दिवस मुद्दाम धरून, आणि फाटकापलीकडच्या परवानगीचा अर्ज त्यासाठी जूनमध्येच दिला आहे.